तान्ह्या बाळाच्या छातीतली ‘गाठ’ : प्रोब कुठे आणि कसा ठेवायचा

दारव्ह्यात माझं सोनोग्राफी सेंटर आहे. गारठा पडला की खोकल्याची लेकरं वाढतात आणि त्यांच्यासोबत एक्स-रेची पाकिटंही. मागच्या हिवाळ्यात कापूस वेचणी सोडून एक आजी चार महिन्यांच्या नातवाला घेऊन आली. “मॅडम, पोट्ट्याच्या छातीत गाठ हाये म्हनते. नागपूरले न्या लागते म्हनते.” हातात सीटी स्कॅनची चिठ्ठी. एक्स-रेत हृदयाच्या वर, उजवीकडे तिकोनी सावली. पुस्तकं तिला शिडाची उपमा देतात. आमच्या भागात शीड कोणी पाहिलंय? मी समोसा म्हणते. तान्ह्या बाळात ती बहुधा थायमसची असते; थायमस म्हणजे छातीच्या हाडामागची, रोगप्रतिकारशक्ती घडवणारी ग्रंथी, गाठ नव्हे.

अशा वेळी आधी सोनोग्राफीचा प्रोब उचला. बाळाच्या उरोस्थीचा, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाचा, बराच भाग अजून कूर्चेचा असतो, त्यामुळे ध्वनिलहरी आत जातात. मोठ्या माणसात ही सोय नाही.

बाळाला आईजवळ पाजून घ्या. जेलची बाटली गरम पाण्याच्या मगात ठेवा, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. गार जेल लागलं की पुढची दहा मिनिटं गेलीच म्हणून समजा. खांद्याखाली टॉवेलची घडी. लिनिअर (सपाट तोंडाचा) प्रोब, ७ ते १२ मेगाहर्ट्झ, खोली ४-५ सेंटिमीटर. पोटाच्या प्रोबने हे काम करू नका.

उरोस्थीच्या कडेला, दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मधे प्रोब आडवा ठेवा. दाबू नका. मागे महाधमनी आणि वरची महाशीर ओळखा. त्यांच्या पुढ्यात पसरलेला तो थायमस. मग प्रोब उभा करा, दुसरी बाजू बघा, शेवटी मानेच्या खळगीतून खाली डोकवा. थायमसचं टोक कधी थायरॉइडपर्यंत चढलेलं असतं. ते पाहून दचकू नका.

पोत यकृताशी ताडून बघा. साधारण तसाच एकसारखा, पण त्यात पांढरे ठिपके आणि बारीक रेघा; काळ्या घोंगडीवर रवा आणि शेवयांचा चुरा सांडल्यासारख्या. कलर डॉपलरवर रक्तप्रवाह थोडाच दिसतो.

खरी परीक्षा बाळ रडायला लागल्यावर. त्याला लगेच गप्प करू नका, क्लिप रेकॉर्ड करा. थायमस मऊ असतो: श्वासागणिक आकार बदलतो, हृदयाच्या ठोक्याने हलतो, शिरांच्या भोवती मिळेल त्या जागेत बसतो, पण त्यांना दाबत नाही. शीर चेपलेली, श्वासनलिका सरकलेली, आत कॅल्शियम, पाण्याची पोकळी किंवा पोत वेगळाच दिसला, तर मात्र नागपूर गाठायलाच हवं.

मापं रिपोर्टात लिहा, पण नुसत्या आकारावर निदान करू नका. आजारपण, स्टेरॉइड, कुपोषण यांनी थायमस आटतो. बाळ सावरलं की परत वाढतो, कधी आधीपेक्षा मोठा होतो. म्हणून लहान दिसला तर आधी औषधं विचारा, वजन बघा. नवजात बाळात तो सापडलाच नाही आणि जोडीला हृदयाचा दोष किंवा रक्तात कॅल्शियम कमी असेल, तर डायजॉर्ज सिंड्रोमची (थायमस नीट न घडण्याच्या जन्मजात आजाराची) शंका बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवा.

आजीच्या नातवाचा थायमस रडताना छान हलत होता. क्लिप त्याच्या डॉक्टरांना पाठवली, फोनवर बोलले. खोकल्याचं औषध चालू ठेवा, सीटी नको, असं ठरलं.

“मंग हे काढा लागन का?”

“नाही आजी, मोठा झाला की आपोआप आटते.”

तिने रिपोर्ट पिशवीत घातला आणि सीटीची चिठ्ठी माझ्याच टेबलावर ठेवून गेली.