ज्युदो पंच परीक्षा देताय? गुणांकन, मात्ते (लढत थांबवण्याचा आदेश) आणि परवान्याच्या बाबतीत या चुका टाळा

नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांतून पंच परीक्षेला बसणारे बहुतेक जण स्वतः खेळलेले असतात. फेक ओळखता येते, पकड कळते. तरी मॅटवर उभं राहिल्यावर हात चुकतो, कारण डोक्यात नियम जुने असतात. कुणा वरिष्ठाच्या वहीची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, असं करत पंधरा वर्षांपूर्वीचा मजकूर आजच्या उमेदवाराच्या हातात येतो.

म्हणून अभ्यासाला बसण्याआधी आपल्या नोट्स कोणत्या काळातल्या आहेत ते तपासा. ओसाएकोमीत (प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर पाठीवर धरून ठेवण्यात) इप्पॉनला (लढत संपवणाऱ्या पूर्ण गुणाला) २५ सेकंद लिहिले असतील तर त्या २०१३ पूर्वीच्या. वरिष्ठ पुरुषांची लढत ५ मिनिटांची असेल, किंवा पाय पकडल्यास थेट हन्सोकु-माके (अपात्र ठरवून पराभव) लिहिलं असेल, तर २०१७ पूर्वीच्या. ‘दोन वाझा-आरी (इप्पॉनखालचा गुण) मिळून इप्पॉन होत नाही’ हे वाक्य फक्त २०१७ सालचं. २०१८ मध्ये दोन वाझा-आरींना इप्पॉन देण्याचा नियम परत आला. युकोचा (वाझा-आरीखालच्या गुणाचा) उल्लेखच नसेल तर नोट्स २०१७ ते २०२४ मधल्या. यातलं एक जरी सापडलं तरी ती वही बाजूला ठेवा आणि आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाची चालू नियमावली घ्या. नियमांत मोठे बदल साधारणपणे दर ऑलिंपिकनंतर होतात, त्यामुळे पॅरिस ऑलिंपिकनंतर २०२५ पासून लागू झालेली आवृत्ती हवी.

युको परत आला, पण हात तयार नाही

२०१७ नंतर पंचगिरी शिकलेल्यांना युकोसाठीच्या ४५ अंशाच्या हाताची सवयच नाही. कुशीवर पडलं की त्यांचा हात आपोआप खांद्याच्या उंचीला जातो आणि वाझा-आरी दिला जातो. आता आधी धडाचा कोन पाहायचा. धड पाठीकडे कललं की वाझा-आरी, पोटाच्या बाजूला राहिलं की युकोचा विचार. पोटावर पडलं तर काहीच नाही. पाठ टेकू नये म्हणून खेळाडू कमान करून पडला तर तो इप्पॉनच. सुटला असं समजू नका. या नियमामागे खेळाडूच्या मानेची काळजी आहे, म्हणून तिथे मुळीच कचरू नका.

धरून ठेवण्याचे आकडे आता असे: ५ सेकंदांना युको, १० ला वाझा-आरी, २० ला इप्पॉन. युको कितीही साठले तरी त्यांचा वाझा-आरी होत नाही. गोल्डन स्कोअरला (बरोबरीनंतरच्या जादा लढतीला) वेळेची मर्यादा नाही आणि आधीचे शिदो (किरकोळ दंड) तिथे पुसले जात नाहीत. तिसरा शिदो म्हणजे पराभव, तो चौथ्या मिनिटाला मिळो वा नवव्या.

हाताची खूण केली की ३ ते ५ सेकंद धरा. टेबलवरचा गुणलेखक, विशेषतः शालेय स्पर्धेत बसवलेला नवखा स्वयंसेवक, अर्ध्या सेकंदाची खूण टिपू शकत नाही आणि चुकीचा गुण फलकावर चढतो. इप्पॉनला हात डोक्यावर सरळ, तळवा पुढे. वाझा-आरीला बाजूला खांद्याच्या रेषेत, तळवा खाली. युकोलाही तळवा खालीच, पण हात कमरेकडे झुकलेला. घरी आरशासमोर तिन्ही खुणा शंभर वेळा करा, तोंडाने मोठ्याने उच्चारत.

मात्तेची घाई

सर्वाधिक गुण इथेच जातात. जमिनीवरची लढत सुरू झाली की नवखा पंच पाच-सहा सेकंदांत अस्वस्थ होतो आणि ‘मात्ते’ म्हणतो. खालचा खेळाडू कासवासारखा आवळून बसला असला, तरी वरच्याची प्रगती होत असेल तर थांबवायचं नाही. वरच्याचा हात कॉलरकडे सरकतोय का, तो पाय मोकळा करतोय का, हे पाहण्यासाठी जागा बदला, वाका, दुसऱ्या बाजूला जा. एकाच कोपऱ्यात उभं राहिलं की समोर फक्त पाठ दिसते आणि तिथूनच चुकीचा मात्ते येतो.

आणखी एक गैरसमज म्हणजे रेषेबाहेर गेलं की थांबवायचं. फेक आत सुरू झाली आणि सलग बाहेर संपली तर गुण धरला जातो. ओसाएकोमी आत सुरू झाली असेल तर खेळाडू बाहेर सरकले तरी मोजणी चालू राहते. धरलेल्या खेळाडूने शरीराची कमान करून पाठ उचलली, पण ताबा सुटला नाही, तर तोकेता (पकड सुटल्याचा आदेश) द्यायचा नाही. खालच्याने वरच्याचा पाय आपल्या पायांत अडकवला किंवा ताबा गेला तरच तो द्यायचा. दमलेल्याला श्वास मिळावा म्हणून मात्ते देणं तर नियमाविरुद्धच आहे. मात्ते दिल्यावरही नजर दोघांवरून काढू नका. फलकाकडे पाहायला वळलात की मागे काहीतरी घडतं.

गळा आवळण्याच्या डावात कॅडेट (१८ वर्षांखालील) गटातला खेळाडू बेशुद्ध पडला तर तो पुढच्या लढती खेळू शकत नाही. पालक आणि प्रशिक्षक कितीही विनवोत, इथे तडजोड नाही. एकाच जखमेतून तिसऱ्यांदा रक्त आलं तरी लढत तिथेच संपते. लहान गटांत कोणते डाव चालतात आणि लढत किती मिनिटांची, हे त्या स्पर्धेच्या परिपत्रकात आदल्या दिवशी वाचा.

मॅट आणि गणवेश तपासताना

मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलासारख्या मोठ्या सभागृहात जागा पुरते; तालुक्याच्या शाळेत नाही. लढतीचं क्षेत्र किमान ८ बाय ८ मीटर आणि भोवती ३ मीटर सुरक्षित पट्टा, म्हणजे एकूण १४ बाय १४. दोन बाय एकचे तुकडे असतील तर ९८ लागतात. ६० तुकडे आणून ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्या आयोजकाला पंचानेच सांगायला हवं: पट्टा अपुरा असेल तर भिंत, खांब किंवा टेबल खेळाडूच्या डोक्यापासून एका फेकेच्या अंतरावर येतं. तुकड्यांमधल्या फटी पायाने चाचपून बघा. बोट अडकून मोडतं ते तिथेच.

गणवेशात कराटेचा पातळ झगा चालत नाही. बाही मनगटापर्यंत हवी, पट्टा ४ ते ५ सेंटिमीटर रुंद, गाठीपुढे टोकं २० ते ३० सेंटिमीटर. मुलींना आत पांढरा टी-शर्ट. हे पहिल्या लढतीआधीच बघा. मॅटवर बोलावल्यावर मुलाला परत पाठवणं त्याच्यावर अन्याय आहे.

परवाना

ब्लॅक बेल्ट किंवा प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र म्हणजे पंच परवाना नव्हे. डॅन (ब्लॅक बेल्टची पातळी) वेगळा, पंचाची श्रेणी वेगळी. क्रम खालून वर जातो: जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, त्यानंतर खंडीय आणि शेवटी आंतरराष्ट्रीय. खंडीय परवान्याशिवाय आंतरराष्ट्रीय परीक्षेला बसता येत नाही, आणि या वरच्या परीक्षांना नाव राष्ट्रीय महासंघाकडून जातं, स्वतःहून अर्ज करून नाही. म्हणून काम केलेल्या प्रत्येक स्पर्धेची तारीख, गट आणि प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावून ठेवा. आधार, पासपोर्ट आणि डॅन प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच पाहा. दुरुस्तीला वेळ लागतो आणि शेवटची तारीख थांबत नाही.