गणिताचं पुस्तक निवडताना आणि वाचताना

शाळकरी मुलासाठी किंवा स्वतःच्या हौसेखातर गणिताचं पुस्तक घ्यायचं असेल, तर प्रस्तावना नंतर वाचा. आधी तुम्हाला पाठ असलेला एखादा नियम त्यात शोधा. ९ ची कसोटी बहुतेक पुस्तकांत असतेच. 'अंकांच्या बेरजेला ९ ने भाग गेला, तर संख्येलाही जातो' एवढंच सांगून पुस्तक उदाहरणांकडे वळत असेल, तर ते शाळेत मिळालेलंच आहे. चांगलं पुस्तक ४७२५ फोडून दाखवतं: ४००० म्हणजे ४ × ९९९ अधिक ४, ७०० म्हणजे ७ × ९९ अधिक ७, २० म्हणजे २ × ९ अधिक २. ९ च्या पटीतलं सगळं बाजूला काढलं की ४, ७, २ आणि शेवटचे ५ उरतात, बेरीज १८. हे उमगलेलं मूल ३ ची कसोटी कुणी न सांगता सिद्ध करतं.

मग छपाई बघा. घातांकांचं पान उघडा. वरचा छोटा अंक खाली घसरला असेल, तर २ चा १० वा घात, म्हणजे १०२४, तिथे २१० दिसतो. मुलाला वाटतं आपलंच चुकतंय, आणि ते तासभर अडकून बसतं. अशा दोन चुका दिसल्या तर पुस्तक परत ठेवा.

लगेच विकत घ्यायची गरज नाही. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. तिथे किंवा घराजवळच्या वाचनालयात आधी चौकशी करा. विषयांना क्रमांक देऊन पुस्तकं लावणारं दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात गणित ५१० पासून सुरू होतं, पण गणिती कोडी आणि खेळ ७९३ मध्ये, भलत्याच कपाटात असतात. नवख्या वाचकाला रमवणारी पुस्तकं नेमकी तिकडे सापडतात. पहिली दहा उदाहरणं करून पाहा: सगळी पटापट सुटली तर पुस्तक सोपं आहे, तीनसुद्धा सुटली नाहीत तर वर्षभराने आणा.

वाचायला बसताना पेन्सिल आणि चौकटीची वही हवीच. डोळ्यांनी वाचलेलं गणित समजल्यासारखं वाटतं, पण हातात उतरत नाही. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ घ्या. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आणि आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२, ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. आता २१११ करून पाहा. २१११ − १११२ = ९९९. इथे पुढचं शून्य गाळलं तर ९९९ − ९९९ = ० होऊन सगळं संपतं. ०९९९ असं चार घरांत लिहिलं की ९९९० − ०९९९ = ८९९१ मिळतात आणि गाडी पुढे सरकते. चौकटीची वही यासाठीच लागते.

ठाणे-वाशी लोकलमध्ये कोडी छान सुटतात. सिद्धता मात्र टेबलावर बसूनच वाचा, अर्ध्या तासात एक पान झालं तरी पुष्कळ. सोडवलेल्या उदाहरणाचं उत्तर कागदाने झाका, वीस मिनिटं झटा, आणि तरीही अडलात तर फक्त एक ओळ उघडा. पूर्ण उत्तर उघडलं की ते उदाहरण वाया गेलं. मागच्या पानावरचं उत्तर जुळलं नाही, तर आपलं उत्तर मूळ समीकरणात घालून बघा. दोन्ही बाजू सारख्या आल्या तर बहुधा छापील उत्तर चुकलंय. वाचनालयाच्या पुस्तकात खाडाखोड न करता तिथे चिठ्ठी ठेवा, पुढच्या वाचकाचा वेळ वाचेल.