चोराच्या हातावरचे जंतू आणि कोकणची दमट हवा: या चुका टाळा

कोकणात घरफोडी बहुतेक वेळा चोर जाऊन कितीतरी दिवस उलटल्यावर उघडकीला येते. मालक मुंबईला, घर बंद. गणपतीआधी साफसफाईला आलेल्या शेजाऱ्याला कोयंडा उचकटलेला दिसतो आणि घटकाभरात अर्धी वाडी पडवीत जमते. "काय काय गेला ता आधी बघूया" म्हणत एकजण कपाट उघडतो, दुसरा तुटलेलं कुलूप हातात घेऊन उलटसुलट करतो. पोलीस पाटील पोचेपर्यंत कुणीतरी ओटी झाडूनसुद्धा घेतलेली असते.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असल्यामुळे मला हल्ली एक प्रश्न वारंवार येतो: हातावरच्या जंतूंवरून चोर सापडतो म्हणतात, ते खरं का? खरं आहे, पण अटींसकट. त्या अटी आपल्याकडे कुठे मोडतात, तेच इथे लिहितो.

अंगठ्याच्या ठशासारखं समजणं

सगळ्यात मोठी चूक ही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या नोआ फिअरर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं, की कीबोर्डच्या कळांवर आणि माउसवर राहिलेले जंतू ते वापरणाऱ्याच्या हाताशी जुळतात. माउसच्या चाचणीत नऊ जण होते. ज्याचा माउस त्याच्या तळहाताशी जास्त जुळतो, की इतर २७० हातांशी, हे तपासलं. नऊच्या नऊ वेळा मालकाशीच जास्त जुळला, तेही माउसला १२ तासांहून जास्त वेळ कुणी हात लावलेला नसताना.

इथे जंतू म्हणजे रोगजंतू नव्हेत. आपल्या कातडीवर कायम नांदणारी वस्ती. क्युटिबॅक्टेरियम, स्टॅफिलोकोकस, कोरिनेबॅक्टेरियम ही मंडळी जवळपास प्रत्येकाच्या हातावर असतात. फरक असतो तो किरकोळ जातींचा आणि प्रमाणाचा. मालवणी मसाल्यात धणे, मिरची, बडीशेप सगळ्यांकडे तेच, तरी चव घरागणिक वेगळी, तसं. त्यामुळे उत्तर "हाच तो" असं येत नाही, "अमक्यापेक्षा तमक्याशी जास्त जुळतं" असं येतं. संशयितच नसेल तर तुलना कशाशी करणार? देशभरातल्या हातांच्या जंतूंची नोंदवही कुठल्या पोलीस ठाण्यात नाही.

एकाच हाताचा नमुना घेणं

याच गटाने २००८ साली ५१ विद्यार्थ्यांचे १०२ तळहात तपासले होते. एका तळहातावर सरासरी १५० हून जास्त प्रकारचे जीवाणू निघाले. खरी गंमत पुढे आहे. एकाच माणसाच्या उजव्या-डाव्या हातांत सामाईक प्रकार निघाले फक्त १७ टक्के. दोन वेगळ्या माणसांच्या हातांत १३ टक्के. म्हणजे उजव्या हाताने कडी सरकवणाऱ्याचा डावा हात तपासाल, तर जुळणी हातची जाईल. दोन्ही तळहात वेगवेगळे घ्या, पाकिटावर उजवा-डावा लिहा, आणि हात शेवटचे कधी धुतले तेही विचारून टिपा. धुतल्याने वस्ती पुसली जात नाही, पण धुऊन किती वेळ झाला यानुसार तिची घडण बदलते.

प्लेटवर वाढवून बघणं

कॉलेजच्या प्रकल्पांत हे हमखास. आगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर बोट टेकवायचं, रात्रभर उबवायचं आणि सकाळी वसाहती मोजून "हा रमेश, हा सुरेश" ठरवायचं. कातडीवरच्या बऱ्याच जाती साध्या आगारवर वाढत नाहीत आणि ज्या वाढतात त्यांतली बॅसिलससारखी जोमदार जात अख्खी प्लेट व्यापून बसते. सकाळी रमेश आणि सुरेश सारखेच दिसतात. वर जे प्रमाण बघायचं होतं तेच नाहीसं झालेलं असतं. या पद्धतीत जीवाणू वाढवत नाहीत. त्यांचा डीएनए काढून, जीवाणूची जात ओळखायला मदत करणाऱ्या १६एस नावाच्या जनुकाचा क्रम वाचतात. ती सोय नसेल तर प्रकल्पाचा विषय बदला, निष्कर्ष ओढूनताणून काढू नका.

ओला स्वॅब प्लॅस्टिकच्या पिशवीत

कोकणात सगळ्यात जास्त नमुने इथे वाया जातील. वर सांगितलेल्या २०१० च्या अभ्यासात कातडीचे नमुने साध्या खोलीत १४ दिवस ठेवले, तरी वस्तीत फारसा फरक पडला नव्हता. हे वाचून इथली मुलं निर्धास्त होतात. पण ती खोली होती साधारण २० अंशांची. आपल्याकडे जुलैत भिंतीला ओल, चपलांना बुरशी आणि आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के. निर्जंतुक मिठाच्या पाण्यात भिजवून वस्तूवर फिरवलेला स्वॅब, म्हणजे काडीवरचा बोळा, तसाच प्लॅस्टिकमध्ये कोंबला, की आत वस्ती नव्याने वाढू लागते आणि जी जात लवकर वाढते तीच पुढे जाते. प्रयोगशाळेत पोचतो तो चोराचा हात नसतो, पिशवीतली हवा असते.

स्वॅब निर्जंतुक नळीत घालून लगेच थंड करा आणि शक्य तितक्या लवकर उणे २० च्या फ्रीझरला पोचवा. मात्र थंड करायला मासळीच्या पेटीतला बर्फ घेऊ नका. त्या वितळलेल्या पाण्यात माशांवरचे आणि समुद्रातले जीवाणू भरलेले असतात. नळीच्या झाकणातून थेंब आत गेला की संपलं. बंद थैलीतले जेलचे गोठवलेले तुकडे वापरा. पावसात वीज जाते, हेही गृहीत धरा: नमुना वितळून पुन्हा गोठला, तर तसं नोंदवा, लपवू नका.

कुलूप किंवा कोयता अशी अख्खी वस्तू जप्त होत असेल तर ती कागदी पाकिटात जाते. ओली असेल तर आधी सावलीत वाळवायची, पंख्याखाली नाही.

घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे हात न घेणं

सात कुटुंबांची घरं सहा आठवडे तपासणारा एक अभ्यास २०१४ साली *सायन्स* या नियतकालिकात आला. घरातली माणसं आपले जंतू दारांच्या मुठींवर, दिव्यांच्या बटणांवर, जमिनीवर सतत सोडत असतात आणि एखादा काही दिवस बाहेर गेला की घरातला त्याचा वाटा कमी होत जातो, असं त्यात दिसलं. आता आपलं बंद घर घ्या. मालकाचा वाटा केव्हाच ओसरलेला. चोर दिवाळीला येऊन गेला आणि घर शिमग्याला उघडलं, तर त्याचाही ओसरलेला. ताजा वाटा असतो त्या सकाळी कपाट उघडणाऱ्या वाडीचा! त्यामुळे कुणी कशाला हात लावला याची यादी त्याच दिवशी करा आणि त्या सगळ्यांचे तळहात तुलनेसाठी घ्या. कुणी बिचकलं तर सांगा, हे त्यांना वगळण्यासाठीच आहे.

स्वॅब घेणाऱ्याने हातमोजे दर वस्तूला बदलायचे. एक कोरा स्वॅब कशालाही न लावता हवेत धरून तसाच बंद करायचा आणि सोबत पाठवायचा. डीएनए काढायच्या रसायनांतसुद्धा थोडे जीवाणू असतात, आणि नमुना क्षीण असला की तेच निकालात मिरवतात. कोरा स्वॅब नसेल तर ते ओळखू येत नाहीत.

वस्तू निवडतानाही डोकं वापरा. देवळाची घंटा, एसटीचा दांडा, वाडीच्या विहिरीचा रहाट यांवर शंभर हात लागतात. त्यांतून एकाला वेगळा काढणं आजच्या घडीला जमत नाही. एकट्याने हाताळलेली वस्तू, मागे राहिलेला मोबाईल किंवा पहार, ही चांगली.

कोर्टात जास्तीचं बोलणं

बोटांच्या ठशांमागे कलकत्त्याला १८९७ साली सुरू झालेल्या ब्युरोपासूनचा अनुभव आहे. जंतूंच्या मागे दीडेक दशकांचं संशोधन, तेही बहुतेक मोजक्या माणसांवरचं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९ तज्ज्ञाचं मत ऐकून घेतं, म्हणून मत द्यायला हरकत नाही. पण ते तपासाची दिशा दाखवण्यापुरतं. चोरीसाठी केलेल्या रात्रीच्या घरफोडीसारख्या, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद केली आहे. माझं मत विचाराल तर त्या पथकाने आधी बोटांचे ठसे आणि नेहमीचा डीएनए घ्यावा. ठसे पुसट, डीएनए अपुरा, तेव्हा जंतूंकडे वळावं.

वेंगुर्ल्याकडे एकदा काजूच्या कारखान्यातल्या एका ताईंनी विचारलं होतं, "सालीच्या तेलान आमची बोटा करपली, रेशनच्या मशीनवर अंगठो लागणा नाय. ह्या जंतूंचा मशीन येतला काय?" नाही येणार. निकालाला प्रयोगशाळा लागते, काही दिवस लागतात, आणि महिन्याभरापूर्वीचा हात आजच्या हातासारखा असेलच असं नाही. त्यांनी दुकानदाराकडे बुबुळाच्या स्कॅनरची किंवा ओटीपीची मागणी करावी.