मृगाच्या तोंडावर मुंग्यांचा बंदोबस्त: घर, दुकान, मोटरचा स्टार्टर आणि संत्र्याची बाग

रोहिणीच्या एक-दोन सरी पडल्या की नागपूर जिल्ह्यात घरोघरी एकच तक्रार सुरू होते: मुंग्या निघाल्या. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना याच मुंग्या कूलरच्या टाकीखालचा ओलावा धरून असतात, नाहीतर काळ्या जमिनीच्या भेगांत खोल बसलेल्या असतात. पाऊस झाला, भेगा बुजल्या, बिळात पाणी शिरलं की अंडी-पिल्लं तोंडात धरून त्या कोरड्या जागेच्या शोधात निघतात. कोरडी जागा म्हणजे आपलं घर, बियाण्याची थप्पी, किराणा दुकानाची मागची खोली.

याच दिवसांत घरात हंगामासाठी आणलेली औषधंही असतात. म्हणून बाकी काही सांगण्याआधी हे सांगणं भाग आहे: शेतातलं कीटकनाशक घरातल्या मुंग्यांवर वापरू नका. क्लोरपायरिफॉसचं झाकणभर पाणी करून स्वयंपाकघरात शिंपडणं, फोरेटचे दाणे उंबरठ्याला टाकणं, धान्याच्या कोठीभोवती पांढरी भुकटी पसरणं हे अजूनही गावागावांत चालतं. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. मिथाइल पॅराथिऑनच्या भुकटीवर २०१८ मध्येच बंदी आली. जुनी पिशवी कोपऱ्यात पडली असेल तर ती वापरून संपवू नका. ही औषधं मोकळ्या शिवारातसुद्धा जीव घेतात; २०१७ च्या हंगामात विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. बंद खोलीत तर वाफ कोंडून राहते. भुकटी पिठात उतरते, रांगत्या लेकराच्या हाताला लागते, अंगणातली कोंबडी ती टिपते. घरासाठी औषध घ्यायचंच असेल तर लेबलवर ‘घरगुती वापरासाठी’ आणि ‘मुंग्या’ हे दोन्ही लिहिलेलं असावं. डब्यावरचा विषाची तीव्रता दाखवणारा त्रिकोण हिरवा किंवा निळा असावा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचं औषध घराच्या आत आणूच नये.

आधी मुंगी ओळखा

सगळ्या मुंग्या एका औषधाला दाद देत नाहीत, त्यामुळे ओळख पटवण्यात गेलेली दहा मिनिटं वाया जात नाहीत. लांब पायांची काळी मुंगी रांग सोडून वेडीवाकडी धावते, ती चावत नाही. कुंडीखाली, पोत्याखाली, विटांच्या ढिगात तिचं घर सापडतं. ढीग हलवला की निम्मं काम होतं. एकाच रांगेत लहान-मोठ्या आकाराच्या तांबड्या मुंग्या दिसल्या आणि चावल्यावर आग होऊन पाणीदार फोड आला, तर त्या मातीत घर करणाऱ्या लाल मुंग्या समजाव्या. त्यांची माती उकरलेली भोकं अंगणात, गोठ्यात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर दिसतात. नुकत्याच जन्मलेल्या वासराजवळ आणि अंड्यातून निघणाऱ्या पिलांजवळ त्यांना अजिबात राहू देऊ नका. मोठे काळे मुंगळे सहसा झाडाच्या बुडाशी राहतात, घरात फक्त खायला येतात.

सर्वांत चिवट म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरची पिवळसर मुंगी. ही भिंतीच्या फटीत, स्विच बोर्डामागे, फ्रिजच्या रबराखाली राहते. एका वसाहतीत अनेक राण्या असतात. हिच्यावर स्प्रे मारला की वसाहत फुटते आणि एकाच्या चार होतात. दवाखाने, मिठाईची दुकानं, बेकऱ्या इथे हीच जास्त त्रास देते. नाली, कचरा, जखमेवरची पट्टी अशी कुठेही फिरून ती अन्नावर येते, म्हणून अन्नाचा व्यवसाय करणाऱ्यांनी ती दिसताच कामाला लागावं.

पहिल्या पावसात दिव्याभोवती पंख गळून पडलेले दिसतात तेव्हा मात्र जरा वाकून बघा. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वळलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब असतील तर ती मुंगी. कंबर जाड, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ आणि चारही पंख सारखे असतील तर ती उधई, म्हणजे वाळवी. उधई असेल तर खालचा उपाय लागू पडणार नाही. मुंग्या लाकूड खात नाहीत. उधई चौकट, फाटे आणि कागदपत्रं खाते. भिंतीवर मातीच्या नळ्या शोधा आणि जाणकाराकडून वेगळी प्रक्रिया करून घ्या.

रांगेवर फवारू नका, रांगेमागे जा

दिसतात त्या मुंग्या वसाहतीचा थोडासा भाग असतात, फक्त अन्न आणायला निघालेल्या. राणी आणि पिल्लं आतच राहतात. रांग मारली तर दुसऱ्या दिवशी नवी रांग उभी राहते. त्यापेक्षा दिवेलागणीनंतर बॅटरी घेऊन रांगेच्या मागे जा. तोंडात काही धरलेली मुंगी घराकडे निघालेली असते, तिच्यावर नजर ठेवा. नळाची पाइप भिंतीत शिरते ती जागा, वायरचं भोक, मोरीची कड, कवेलूचं घर असेल तर आढ्याचा सांधा, अशा ठिकाणी रांग गडप होते.

बीळ अंगणात निघालं तर उकळतं पाणी पुरतं. बादलीभर पाणी एकदम न ओतता थांबून थांबून दोन-तीनदा ओता. नव्या रोपाच्या मुळाजवळ हे करू नका.

बीळ भिंतीत असेल तर आमिष. मेडिकलमध्ये मिळणारी बोरिक पावडर ५ ग्रॅम, साखर ५० ग्रॅम आणि अर्धा लिटर कोमट पाणी. नीट विरघळवून कापसाचा बोळा त्यात भिजवा, बाटलीच्या झाकणात ठेवा आणि ते झाकण भोकं पाडलेल्या डबीत बंद करून रांगेशेजारी सरकवा. पावडर जास्त टाकण्याचा मोह होतो, तो आवरा. मुंगी आमिषाजवळच मेली तर ते घरापर्यंत पोचत नाही. ते पोटातून राणीपर्यंत जायला हवं, म्हणून विष मंद हवं. पहिल्या दिवशी मुंग्या वाढलेल्या दिसतील. पुसू नका, जवळपास स्प्रे मारू नका. दर दोन-तीन दिवसांनी बोळा बदला. साधारण पंधरा दिवस धीर धरावा लागतो. मुंग्या साखरेकडे फिरकत नसतील तर बाजूला शेंगदाण्याचा तेलकट तुकडा ठेवून पाहा. त्यावर गर्दी झाली तर बाजारात मिळणारं तेलकट आमिषाचं जेल घ्या. डबीवर ‘विष’ असं ठळक लिहा, लेकरं आणि गुरं-कुत्री यांच्यापासून दूर ठेवा. गव्हाणीजवळ नकोच.

रांग थांबली की साबणाच्या पाण्याने वाट पुसा, म्हणजे मुंग्यांनी सोडलेला माग जातो. मग फट पांढऱ्या सिमेंटने बुजवा. उलट क्रमाने केलं तर भिंतीतल्या मुंग्या दुसऱ्या खोलीत निघतात.

गुळाच्या भेल्या, तीळ, शेंगदाणा फळीवर किंवा पॅलेटवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवा. कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या हा जुना उपाय चांगलाच आहे, फक्त पाणी आठवड्याच्या आत बदला, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. वाफ्यात टाकलेलं मिरची-वांग्याचं बी मुंग्या उचलून नेतात. भिवापूर, कुही भागातल्या रोपवाटिकावाल्यांनी बी शक्य तर प्रो-ट्रेमध्ये (कप्प्यांच्या प्लॅस्टिक ट्रेमध्ये) टाकावं आणि ट्रे स्टँडवर ठेवावे. वाफ्याभोवती राख टाकली तरी एका सरीत ती वाहून जाते.

मोटरचा स्टार्टर

पाण्याच्या मोटरची, महिनाभर बंद असलेली स्टार्टरची पेटी उघडली की आत बोटभर मातीचा थर आणि मेलेल्या मुंग्या निघतात. कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा वीजपुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाच्या) पट्ट्यांमध्ये मुंगी चिरडली की संपर्क नीट बसत नाही, एखादा फेज तुटतो आणि मोटरचं वाइंडिंग जळतं. धक्का बसून मेलेल्या मुंगीच्या वासाने आणखी मुंग्या येतात, त्यामुळे एकदा सुरुवात झाली की पेटी भरते. पेरणीच्या धांदलीत हे हमखास राहून जातं, म्हणून हंगामाआधीच करून घ्या. मेन स्विच बंद करा, टेस्टरने खात्री करा, कोरड्या ब्रशने साफ करा. हात ओले असतील किंवा पाऊस चालू असेल तर पेटीला हात लावू नका. आत पेट्रोल, रॉकेल, कसलाही स्प्रे मारू नका. ठिणगी पडली तर भडका उडतो. केबल शिरते ते भोक सीलंटने बंद करा. मुंग्या बहुतेक वेळा तिथूनच शिरतात. कॉन्टॅक्ट काळे पडले असतील तर वायरमनला बोलवा.

संत्र्याच्या बागेत

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर पट्ट्यातल्या बागायतदारांसाठी मुंग्यांची रांग ही खूण आहे. खोडावरून मुंग्या वर जात असतील तर वर मावा, सिला, काळी माशी नाहीतर पिठ्या ढेकूण अशी रस शोषणारी कीड बसलेली आहे असं समजा. हे किडे चिकट गोड रस सोडतात. मुंग्या तो पितात आणि बदल्यात ढालकिड्यासारख्या मित्रकिडींना हुसकावतात. त्याच चिकट्यावर काळी बुरशी वाढते, तीच कोळशी. पावसाळी नवती म्हणजे नवी पालवी फुटली की हे सगळं एकदम वाढतं.

इथे मुंग्या मारत बसण्यापेक्षा त्यांचा रस्ता तोडावा. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, बुडाशी वाढलेलं तण काढा. आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांपासून धरलेल्या फळांच्या) ओझ्याला दिलेले बांबूचे टेकू विसरू नका. खोडाला पट्टी बांधूनही मुंग्या टेकूवरून खुशाल वर चढतात. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा लेप) लावलं असेल तर त्याच्या वर चार बोटं रुंद प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधा आणि तिच्यावर ग्रीस लावा. साल थेट ग्रीसने माखू नका, ती गुदमरून फुटते. टेकूंनाही तशीच पट्टी. किडीसाठी सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क पानाच्या खालच्या बाजूला पोचेल असा फवारा. प्रादुर्भाव हाताबाहेर गेला असेल तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा किंवा किसान कॉल सेंटरचा (१८००-१८०-१५५१) सल्ला घेऊनच औषध निवडा.

धुऱ्यावरच्या, पिकाला न छळणाऱ्या मुंग्या मात्र तशाच राहू द्या. त्या अळ्या आणि किडींची अंडी उचलतात, उधई खातात, जमीन पोकळ ठेवतात. पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांना तर चीनमधले शेतकरी सुमारे १७०० वर्षांपूर्वी मुद्दाम संत्रावर्गीय झाडांवर सोडत.

ग्रीसची पट्टी दर पंधरा दिवसांनी बघा. धूळ, पालापाचोळा आणि मेलेल्या मुंग्या साचल्या की त्यावरूनच पूल होतो, म्हणून ती पुसून नवं ग्रीस लावा. खोड जाड होत जातं तशी पट्टी साल कापते, तेव्हा दर महिन्याला सोडून थोडी वर-खाली बांधा.