रविवारची गाणी निवडताना क्रियापदं बघा

इंदूरला आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गाणी दोन वाटांनी येतात, आजीच्या वहीतली मराठी भजनं आणि पोरांच्या मोबाईलमधली हिंदी वर्शिपची, म्हणजे उपासनेची, गाणी, आणि मग शनिवारी प्रॅक्टिसला वाद ठरलेला, की नवीन गाण्यांत सगळं 'मी मी'च असतं. मला हा वाद अर्धवट वाटतो. जुनं की नवं यावरून काहीच ठरत नाही, शब्द वाचावे लागतात.

तर करायचं असं. चाल बाजूला ठेवून शब्द कागदावर उतरवा आणि प्रत्येक ओळीतल्या क्रियापदाखाली पेन्सिलीनं रेघ मारा. मग बघा, हे काम कोण करतंय? मी गातो, मी नाचतो, मी तुझ्यासाठी जगेन, मला शांत वाटतं, असंच शेवटपर्यंत चाललं असेल आणि देवानं काय केलं ते एकदाही आलं नसेल, तर ते गाणं घरी एकट्यानं म्हणायला छान आहे, पण सगळ्या मंडळीच्या तोंडी मुख्य गाणं म्हणून देऊ नका.

फक्त 'मी' आणि 'माझा' मोजत बसलात तर मात्र फसाल. बायबलमधल्या स्तोत्र 23 मध्ये पहिल्या ओळीपासून 'माझा', 'मला' आहेच, पण कुरणात बसवतो कोण, पाण्याजवळ नेतो कोण, जीव ताजा करतो कोण? सगळं मेंढपाळच, म्हणजे देवच, करतो. आणि चौथ्या वचनात अंधाऱ्या दरीतून चालायची वेळ आली की तोवर 'तो' म्हणणारा माणूस एकदम 'तू माझ्याबरोबर आहेस' म्हणायला लागतो, किती जवळ येतो बघा! उलटंही होतं, गाण्यात वीस वेळा 'प्रभू प्रभू' असतं पण तो कसा आहे हे कुठंच नसतं. नाव घेतलं म्हणून गाणं देवाविषयी होत नाही.

तेच तेच म्हणण्याला पण घाबरू नका, स्तोत्र 136 मध्ये 26 वचनं आहेत आणि प्रत्येकात 'त्याची दया सनातन आहे' येतंच, पण बहुतेक वेळी त्याच्या आधी देवाचं एक नवीन काम सांगितलंय, आकाश, मिसर देश, तांबडा समुद्र, रान.

दुसरं, मागच्या बाकावर कोण बसलंय ते आठवा. नवरा एमवाय हॉस्पिटलला ॲडमिट आहे आणि ती बाई रात्रभर जागून उपासनेला आलीय, तिला आपण 'मी कधीच डगमगणार नाही' म्हणायला लावतो. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं पण अशीच शपथ घेतली होती आणि त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं. तिला स्तोत्र 13 सारखं काहीतरी द्या, जे 'कुठवर, परमेश्वरा?' असं विचारतं आणि सहाव्या वचनापर्यंत त्याच्या उपकारांवर येतं.

क्रम साधा ठेवा, आधी देव कोण आहे, मग ख्रिस्तानं काय केलं, आणि 'मी तुझा आहे' छापाची गाणी उपदेशानंतर, कारण तिथं ते उत्तर असतं.

आणि पोरांचं आवडतं गाणं कसोटीला कमी पडलं तर फाटकन बाद करू नका, त्यांचं मन मोडतं. त्यांच्यातल्याच कुणाला तरी गाण्याआधी स्तोत्र 103 ची पहिली पाच वचनं मोठ्यानं वाचायला लावा, क्षमा करतो, बरं करतो, सोडवतो हे सगळं त्यात आहे, आणि मग लगेच गिटार सुरू करू द्या.