खुर्चीच्या मापाचा कोट

पोक असलेल्या गिऱ्हाईकाचा कोट कापताना टेलर पाठ लांब आणि पुढा आखूड ठेवतो. पोक झाकायची ही जुनी युक्ती. दिवसभर लॅपटॉपवर वाकणाऱ्या अंगासाठी ती वापरली, की बसल्यावर चपखल आणि उभं राहताच बिघडणारा कोट तयार होतो. आपल्याला मुद्दाम तोच शिवायचाय, खुर्चीला चिकटलेल्या अंगावरचा विनोद म्हणून. २००९ साली फ्लॉरेन्सच्या पिटी उओमो या पुरुषांच्या फॅशन मेळ्यात अमेरिकन डिझायनर थॉम ब्राउनने एकसारख्या कपड्यांतले पुरुष टाइपरायटरच्या टेबलांमागे रांगेने बसवले होते. तिथे रांगच बोलत होती. एकट्या कोटाला मात्र कटिंगवरच बोलावं लागतं.

माप उभ्याने घेऊ नका. माणसाला वीसेक मिनिटं काम करू द्या, पाठ आपोआप वाकली की टेप लावा: मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत मागून, आणि खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून कमरेपर्यंत पुढून. बाहीची लांबी कोपर काटकोनात ठेवून मोजा. मग हीच मापं उभ्याने घ्या. दोन्हींतला फरक हाच तुमचा आराखडा.

कापड शुद्ध लोकरीचं, बारीक उभ्या रेघांचं, ५८ इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर. टेरीवूल (पॉलिस्टर मिसळलेली लोकर) नको, ते वाफेने हवं तसं आक्रसत नाही, आणि इथे बरंचसं काम इस्त्रीचंच आहे. रेघा हव्यातच, कारण कापड कुठे वाकवलंय ते त्याच दाखवतात.

मागच्या भागाच्या कागदी पॅटर्नवर खवाट्याच्या उंचीला, पाठीच्या मध्यापासून मुंढ्यापर्यंत (बाही जोडतात त्या गोलाईपर्यंत) आडवी चीर द्या. मध्यावर २.५ सेंमी उघडा, मुंढ्याशी शून्य. पुढच्या भागावर त्याच उंचीला १.५ सेंमीची घडी घाला, तीही मुंढ्याशी शून्यावर आणा. मुंढ्याची लांबी बदलली तर बाही बसणार नाही. नवशिक्यांचा कोट इथेच फसतो. घडीमुळे पुढची कड मोडते, ती खालच्या भागाच्या उभ्या धाग्याला धरून पुन्हा आखा. पाठीच्या मध्याची शिलाई आता बाकदार होते. तिचा फुगवटा ओल्या फडक्यावरून इस्त्री करून आक्रसवा.

बाहीच्या सगळ्या खुणा मुंढ्यावर २ सेंमी पुढे सरकवा, म्हणजे हात कीबोर्डवर असताना बाही सरळ पडते. अस्तराची बाहीही तितकीच फिरवा, नाहीतर आत पीळ बसतो.

आधी मांजरपाटाचा कच्चा कोट शिवून पाहा. उभं राहिल्यावर कॉलरखाली आडवी वळी, बटणाखाली फाकलेल्या कडा, बाहीवर तिरप्या सुरकुत्या आणि पंज्यावर उतरलेला कफ दिसायला हवा. वळी दिसत नसेल तर चीर अर्धा सेंमी वाढवा. ३ सेंमीपुढे मात्र जाऊ नका. तिथून पुढे पाहणाऱ्याला टेलर कच्चा होता असंच वाटतं. म्हणूनच बाकीचं काम निर्दोष हवं: लॅपलच्या (छातीवर उलटणाऱ्या पट्टीच्या) आतल्या कॅनव्हासला, म्हणजे ताठ कापडाला, हाताचे टाके, खिशावर जुळलेल्या रेघा, स्वच्छ काज. या बाबतीत कंजुषी केली तर सगळा विनोद फुकट जातो.

दाखवताना ताठ डमीवर टांगू नका. मॉडेलला खुर्चीत बसवा, बटण लावलेलं ठेवा, आणि मग उभं राहायला सांगा.