शाळेत सिस्टर म्हणून रुजू होताय? आधी सकाळच्या डोसबद्दल ऐका

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं, की नाइट ड्युटीला वैतागलेल्या बऱ्याच जणी शाळेची नोकरी धरतात. मीही तशीच आले. इथे नाइट नाही हे खरं, पण वॉर्डात हाकेवर डॉक्टर असतो, सिकरूममध्ये तुम्ही एकट्या. म्हणून आधी लहान मुलांच्या वॉर्डात वर्षभर तरी काढा. पंधरा दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर माझा काडीचा विश्वास नाही.

आता खरा धोका: पॅरासिटामॉल. हसू नका. पोराला कणकण असते, पण चाचणी आहे किंवा आईला ऑफिस गाठायचंय, म्हणून सकाळी सातला डोस पाजून त्याला बसमध्ये बसवतात. दहाला ते तुमच्या दारात. 'डोकं दुखतंय.' मागून बाई येतात, 'द्या हो एक गोळी, पेपर आहे.' दोन डोसांत किमान चार तास हवेत, हे तुम्हाला पाठ आहे. म्हणून तुम्ही विचारता, 'घरून औषध घेतलंस?' मूल ठामपणे 'नाही' म्हणतं. 'सिस्टरना सांगू नकोस, घरी पाठवतील' असं पढवूनच पाठवलेलं असतं. मला हे एका आईनेच फोनवर रडत सांगितलं. तेव्हापासून मी विचारते, 'सकाळचं औषध गुलाबी होतं की पांढरं?' पोरं झटकन रंग सांगून टाकतात. तरीही पालकांना फोन केल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

बाटलीचंही तसंच. ५ मिलीत १२५ मिग्रॅ आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ, खोकी जवळपास सारखीच. डोस किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, आणि वजन आजचं धरा, प्रवेशअर्जावरचं नाही. सर्दीच्या सिरपमध्येही बरेचदा पॅरासिटामॉल असतं, तेही विचारा. शाळेच्या डॉक्टरांची लेखी सूचना आणि पालकांचं संमतिपत्र फाइलला नसेल, तर प्राचार्य कितीही रागावोत, औषध द्यायचं नाही.

एवढं वाचून घाबरू नका. निम्म्या पोरांना फक्त पाणी आणि दहा मिनिटं आडवं व्हायला जागा हवी असते. घोळणा फुटला तर डोकं पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा. फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली की १०८. कांदा-चप्पल घेऊन धावणाऱ्यांना आधी बाहेर काढा.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत असाल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येईल. त्यांनी पुढे पाठवायला सांगितलेल्या मुलांची यादी त्याच दिवशी मागून घ्या. पथक निघून जातं, आणि चष्मा लागणारं पोर शेवटच्या बाकावरून फळ्याकडे डोळे बारीक करून बघत बसतं. त्याच्या घरी दोनदा-तीनदा फोन तुम्हीच करायचे.

शिकायचं असेल तर शाळेच्या जुन्या मावशींकडून शिका. कोणाचं पोट फक्त गणिताच्या तासाला दुखतं, हे त्यांना माहीत असतं.

आणि हो, खासगी शाळा असेल तर मे महिन्याचा पगार मिळणार का, ते नेमणूकपत्रावर लिहून घ्या.